नेम हाताचा चुकतो की गेमचा?

प्रश्न : नात्यातून जुना निन्टेंडो वी हा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल मिळाला. ‘रेसिडेंट एव्हिल ४’ मुलगा झकास खेळतो. ‘रेड स्टील’मध्ये मात्र सारखा भिंतीकडे तोंड करून उभा. रिमोट तोच, हात तोच. मग असं का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : कॉम्प्युटरचा माउस उचलून पुन्हा ठेवता येतो, त्यामुळे वळणं कधी संपत नाही. वीचा रिमोट थेट पडद्यावरची जागा दाखवतो. कर्सर कडेला गेला की पुढे वळायचं कसं? त्यासाठी पडद्याच्या मध्यभागी एक अदृश्य चौकट असते. कर्सर तिच्या आत असेपर्यंत फक्त नेम हलतो, बाहेर पडला की मान वळते. चौकट मोठी असेल तर वळायला उशीर होतो आणि तोवर मागून गोळी लागते. लहान असेल तर हात जरा थरथरला तरी सगळं दृश्य डोलतं.

‘रेड स्टील’ (२००६) इथेच फसला. वळणं जड, त्यात झूमसाठी रिमोट पुढे ढकलायचा, म्हणजे नेम धरायच्या क्षणीच हात हलवायचा! त्यातल्या तलवारीचं दुखणं वेगळं. त्या रिमोटला झटका कळायचा, मनगट किती फिरलं ते नेमकं कळत नसे. म्हणून कसाही हात फिरवा, ठरलेलाच वार. २००९मध्ये मोशनप्लस हा रिमोटला लावायचा जोड आला, त्यात फिरणं मोजणारा जायरो सेन्सर होता. ‘रेड स्टील २’ने तो सक्तीचा केला आणि तलवार सुधारली.

‘रेसिडेंट एव्हिल ४’मध्ये नेम धरला की पाय थांबतात. हाताला एकच काम उरतं. ‘हाउस ऑफ द डेड’मध्ये तर चालणंही गेमच बघतो. ‘मेट्रॉइड प्राइम ३’ (२००७) शत्रूवर नजर बांधून देतो, शिवाय वळण्याचे तीन वेगळे पर्याय. ‘द कंड्युइट’ची (२००९) गोष्ट बेताची, पण चौकट, वेग, बटणं सगळं बदलता येतं. त्यात आधी चौकट लहान करत जा. स्थिर उभं असताना दृश्य डोलायला लागलं की थोडी वाढवा. वळण्याचा वेग त्यानंतर. दोन्ही एकदम बदललंत तर बिघडलं कशाने ते समजणार नाही.

प्रश्न : संध्याकाळी पाचनंतर वीचा कर्सर उड्या मारतो. रिमोट बदलू का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : नको. टीव्हीजवळ ठेवायच्या वीच्या पट्टीचं नाव ‘सेन्सर बार’ असलं तरी तो काही ओळखत नाही. दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे आहेत, एवढंच. ते पाहणारा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी असतो. तुमच्या टीव्हीमागे किंवा शेजारी पश्चिमेची गॅलरी असणार. सेटिंग्जमध्ये सेन्सर बारची सेन्सिटिव्हिटी उघडा आणि रिमोट टीव्हीकडे धरा. दोनच ठिपके दिसायला हवेत. तिसरा दिसला तर ऊन, काचेवरचं प्रतिबिंब किंवा देवघरातली समई. पडदा ओढा, सेन्सिटिव्हिटी एक पायरी उतरवा, एक ते अडीच मीटरवर बसा. एकच ठिपका असेल तर बारकडे मोबाइलचा पुढचा कॅमेरा धरा. जी बाजू जांभळट चमकत नाही, ती गेली. नवा बार येईपर्यंत साधारण २० सेंटीमीटर अंतरावर दोन पणत्या लावूनही खेळता येतं, फक्त पडदे आणि लहान मुलं लांब ठेवा.