फॉर्म राहू दे, आधी घरी जा

शालोम पोरी,

तुझा मेसेज शनिवारी रात्री शब्बाथ संपवणारी हवदालाची प्रार्थना उरकल्यावर वाचला, दोनदा वाचला, मग तुझ्या आंटीलाही वाचून दाखवला. तू लिहितेस, दारफाळणीला, म्हणजे योम किप्पूरच्या मोठ्या उपासाला, आपल्या बेने इस्राएल ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये आत उभं राहायला जागा नसते, बाहेर खुर्च्या टाकाव्या लागतात, आणि त्याच्या पुढच्या शब्बाथला, शनिवारी सकाळी, फक्त सात जण, प्रार्थनेला तर दहा पुरुष लागतात. प्रार्थना चालवणारा हजान ताटकळलेला, सिनेगॉगची देखभाल करणारा समाश गेटपाशी रस्त्याकडे डोळे लावून उभा की कुठून तरी अजून तीन माणसं येतील, आणि तू वर बायकांच्या गॅलरीत बसून विचार करतेयस की मी तर दहात धरलीच जात नाही, मग मी इथे नक्की काय वाढवायला आलेय. हे वाचल्यावर मला झोप लागली नाही म्हणून लिहायला बसलो. लांबेल, पण शेवटपर्यंत वाच.

माणसं यावीत म्हणून तू काय काय केलंस ते सगळं लिहिलंयस. मेंबर होण्याचा गूगल फॉर्म, इन्स्टाचं पेज, नवीन जोडप्यांना पहिल्या वर्षी निम्मी वर्गणी. अकरा फॉर्म भरून आले आणि त्यातले नऊ आधीपासूनचेच मेंबर. तुझ्या मेहनतीबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण मला सांग, जे येत नाहीत त्यातल्या कितीजणांच्या घरी तू गेलीयस? मी सेक्रेटरी होतो पंचवीस वर्षं, आणि मी गेलो नाही म्हणून विचारतोय. घरी जा पोरी. मला एवढंच सांगायचंय, बाकीचं पत्र हे पटवण्यासाठी आहे.

कमिटीत तुला सगळे ऐकवत असतील की लोक इस्रायलला गेले म्हणून सिनेगॉग रिकामी झाली. 1950 च्या आसपास आपण इथे 20,000 च्या घरात होतो, आता सगळे मिळून चार-पाच हजार, हे मला पाठ आहे. माझी दोन भावंडं लोदला, आत्या दिमोनाला, अर्धी गल्ली बेरशेबाला. गेले ते गेले, त्यांच्यासाठी तू काही करू शकत नाहीस आणि त्यांची तिकडे भरभराट होवो. पण कळव्यात, डोंबिवलीत, अंबरनाथला, मीरा रोडला जी आपली माणसं राहतात ती कुठे गेली? कुठेही गेलेली नाहीत. घरी आहेत. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावतात, बिरड्याच्या सणाला वाल सोलतात, नव्याच्या सणाला नवे कपडे घालतात, फक्त आपल्या दारात येत नाहीत. आणि आपण त्यांना फॉर्मची लिंक पाठवतो.

आता माझं ऐक, हे मी कमिटीत कधी बोललेलो नाही.

1997 ची दारफाळणी, संध्याकाळची वेळ, पाऊस नुकता थांबलेला. आपल्या हिब्रूच्या क्लासला लहानपणी माझ्या पुढच्या बाकावर बसायचा तो मुलगा आता मोठा बाप्या होऊन आला, सोबत बायको आणि सात-आठ वर्षांचा पोरगा. बायको आपल्यातली नव्हती, सगळ्यांना माहिती होतं. दाराजवळ बिस्किटांच्या जुन्या डब्यात आपण जास्तीच्या टोप्या ठेवतो ना, त्यातली एक पोराने स्वतःच उचलून डोक्यावर ठेवली, मोठी होत होती, हाताने धरून उभा होता. आणि मी चार माणसांसमोर त्याच्या बापाला विचारलं, ही कोण, पोराचं मिला, म्हणजे सुंता, झालंय का, आणि सिनेगॉगच्या रजिस्टरवर याचं नाव येणार नाही हे तुला ठाऊक आहे ना? बाप काही बोलला नाही. पोराने टोपी काढली, नीट दुमडली आणि परत डब्यात ठेवली. मग ते तिघं गेले.

नियम माझा नव्हता. धर्म आईकडून चालतो हे काही मी ठरवलेलं नाही, आणि आजही कोणी मला म्हणालं की रजिस्टरचा नियम मोडा तर मी मोडणार नाही. हे तुला पटणार नाही, तुमच्या पिढीला पटत नाही, पण मी जे धरून ठेवलं त्याच्यामुळेच आज तुझ्या हातात धरायला काहीतरी आहे असं मला वाटतं. त्या वर्षी पाण्याची टाकी गळत होती, लाइटबिल मी स्वतःच्या पगारातून भरलं होतं, हजान मिळत नव्हता, सगळं अंगावर होतं. पण पोरी, रजिस्टर कपाटात होतं. त्याला त्या वेळी रजिस्टरमध्ये कोणीच घालायला सांगत नव्हतं. ते फक्त बसायला आले होते. मी त्यांना बसू द्यायचं होतं, एवढंच होतं. मनात म्हटलं, दोन दिवसांनी, दारफाळणीच्या दुसऱ्या दिवसाचा शिळा सण झाला की घरी जाऊन समजावीन. कळवा आमच्यापासून रिक्षाने वीस मिनिटं. गेलो नाही. मग सुक्कोथचा सण आला, मग ऑडिट आलं, मग लाज वाटायला लागली, आणि लाज वाटायला लागली की माणूस कधीच जात नाही. म्हणून तुला सांगतो, पहिल्या आठवड्यात जा, लाज वाटायच्या आत जा.

आणि हे आपण करावं? आपण? ज्यांना कोकणात शनवार तेली म्हणून ओळखलं जायचं, शनिवारी घाणा बंद ठेवला एवढ्या एका खुणेवर ज्यांची ओळख शतकानुशतकं टिकली? आपल्या आजोबा-पणजोबांना बगदादी ज्यू मिनयानमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या त्या दहा पुरुषांत, धरत नव्हते. इस्रायलमध्ये गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने, रॅबिनेटने, आपल्या लग्नांवर शंका घेतली, आईची आई कोण, तिची आई कोण, म्हणून आपली माणसं 1964 मध्ये जेरुसलेमात रस्त्यावर बसली तेव्हा कुठे मान्य झालं की आपण पूर्ण ज्यू आहोत. आणि याच आपल्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता, मुली देत नव्हते एकमेकांना. हे म्हाताऱ्यांच्या तोंडून मी ऐकलंय, तुझ्या पिढीला कोणी सांगत नाही. दारात उभं करून विचारलेला प्रश्न कसा लागतो हे आपल्याइतकं कोणाला कळायला हवं होतं? समाजी हसाजी दिवेकरांची गोष्ट तुला माहितीय, टिपू सुलतानाच्या कैदेत त्यांनाही विचारलं होतं तू कोण, त्यांनी बेने इस्राएल सांगितलं आणि त्या उत्तरावर जीव वाचला अशी आपल्यात आठवण सांगतात, मग परत येऊन त्यांनी 1796 मध्ये मुंबईत मांडवीला आपलं पहिलं सिनेगॉग बांधलं. तू कोण हा प्रश्न दोन्ही तऱ्हेने विचारता येतो. मी वाईट तऱ्हेने विचारला.

बरं, आता कामाचं. घरी जाताना पावतीबुक नेऊ नकोस. पर्समध्येही नको. तू आत गेल्यावर पाच मिनिटं त्या घरातली बाई तुझ्या हाताकडेच बघत असते की आता काय काढते. पहिल्या तीन भेटी काहीही काढू नकोस. जायचं तर मलिद्याचा डबा घेऊन जा. पोहे धुऊन निथळून मऊ झालेले, ओला नारळ खवून, साखर, वेलची, वर बदाम-मनुका, आणि फळं वेगळ्या पिशवीत. प्रेषित एलियाहू हनाबीचं नाव घेऊन केलेला मलिदा कोणी परत पाठवत नाही, नातवंडं हिब्रूचा अलेफ ओळखत नसली तरी मलिदा ओळखतात. बसायचं, चहा घ्यायचा, गाव विचारायचं. आपलं आडनावच गाव आहे, पेणकर म्हणजे पेण, चौलकर म्हणजे चौल, तिथून गप्पा निघतात, मग फोटो निघतात, मग एखादी आजी उठून कपाटातून आपल्या लग्नाचा करारनामा, केतुबा, आणते. तेव्हा एकच गोष्ट लिहून घे, घरातल्या गेलेल्या माणसांची तारीख, हिब्रू महिन्याने. वर्षीच्या आधी तीन दिवस फोन कर, म्हण उद्या-परवा बाबांची तारीख आहे, त्यांच्या नावाची प्रार्थना, हश्काबा, करायचाय ना, कद्दीश म्हणायला या. बापासाठी माणूस येतो. फॉर्मसाठी येत नाही.

आणि आल्यावर त्याला नुसता बसवून ठेवू नका! याचा मला फार राग येतो. आपली पहिली रांग ठरलेली, तोराच्या कपाटाचा पडदा कोण उघडणार ठरलेलं, तोराची गुंडाळी, सेफर, कोण धरणार ठरलेलं, ज्याने देणगी दिली त्याचा मान, आणि नवा माणूस मागे खांबाला टेकून प्रार्थनेच्या पुस्तकाचं, सिद्दूरचं, पान शोधतोय, शेजारचा त्याला पान दाखवत नाही. पान दाखवायला काय खर्च येतो? त्याला काहीतरी हातात द्या. त्याच्या पोराला शब्बाथच्या किद्दूश विधीच्या सरबतासाठी काळ्या मनुका भिजवायला सांगा शुक्रवारी, ज्याच्या मनुका आहेत तो शनिवारी सरबत कसं झालं ते बघायला येतोच.

गेटचं पण बोलायलाच हवं. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर पोलीस बसतात, बॅग तपासतात, आयकार्ड मागतात, ते हवंच, त्यावर वाद नाही. पण पोलिसाच्या शेजारी आपला एक माणूस उभा पाहिजे, हात पुढे करून, हातबोशी करून, म्हणजे हाताला हात लावून तो ओठांना लावून, आत नेणारा. बाहेरदेशाहून कॅमेरा घेऊन कोणी आला की आपण आख्खी कमिटी धावतो, झुंबर दाखवतो, सरबत देतो, आणि अंबरनाथहून दोन गाड्या बदलून आलेल्या आपल्या रिक्षावाल्याला कोणी विचारत नाही की पाणी पिणार का. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि मीही धावणाऱ्यांतलाच होतो.

तू दहात धरली जात नाहीस म्हणालीस त्याचं उत्तर मी टाळतोय असं वाटेल तुला. टाळत नाही. डॉक्टर जेरुशा झिराड यांनी 1925 मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन सुरू केली, पुढे भायखळ्याचं रोदेफ शालोम झालं ते हेच, तिथे बाईला प्रार्थनेत पुरुषांच्या बरोबरीची जागा मिळाली, तुला ती वाट घ्यायची असेल तर मी अडवणार कोण. आमच्याकडे तो नियम बदलणार नाही आणि मी बदला म्हणणारही नाही. पण दहा पुरुष बसतात ते आपोआप बसत नाहीत ग. माझी आई प्रत्येक वाडीत जाऊन यायची, कोण आजारी, कोणाला मुलगा झाला, कोणाचा रोजगार गेला, तिला सगळं माहीत असायचं, आणि शनिवारी सिनेगॉग भरलेलं असायचं. ती गेली आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही की ते काम बंद पडलं. आम्ही पुरुष मीटिंगा घेत बसलो. तुला मी ते काम कमीपणाचं म्हणून देत नाहीये, मला जे जमलं नाही ते देतोय.

मग तू विचारशील की घरी गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं तर. लावतील. एक-दोन घरी ऐकून घ्यावं लागेल, आमचे आजोबा गेले तेव्हा कोणी आलं नाही, मुलीच्या लग्नाला सर्टिफिकेट द्यायला सहा महिने लावले, वगैरे. खुलासा करू नकोस. कमिटीची बाजू मांडू नकोस. मी आयुष्यभर खुलासेच केले, या पत्रातही करून बसलोय. ऐकून घे, डबा ठेव आणि पुढच्या महिन्यात परत जा.

त्या कळव्याच्या घरचा पत्ता माझ्या जुन्या डायरीत आहे. बाप वारला चार वर्षांपूर्वी, मला सात महिन्यांनी कळलं. पोरगा आता पस्तिशीचा झाला असेल, त्याच पत्त्यावर राहतो असं समाश सांगत होता. मला एकट्याला जिना चढायला जमत नाही म्हणून नाही, पण मी एकटा गेलो तर दारातच परत नियम सांगायला लागेन अशी भीती वाटते. येत्या रविवारी चार वाजता ये. पोहे आणि नारळ तुझी आंटी बघेल, तू फळं आण, पाच प्रकारची, केळी आणि खजूर धरून. पावतीबुक घरी ठेव.

तुझा अंकल