ना राग, ना ठेका. मग ऐकायचे काय?

प्रश्न : माझा मुलगा रात्री अभ्यासाला बसला की ‘ॲम्बिअंट’ संगीत लावून ठेवतो. त्यात ना चाल, ना ठेका, ना शब्द. गाणे चालू असताना बोलू नये, हे वळण आम्हांला मैफलींनी लावले. कोणी लक्षच देणार नाही असे काही तासन्‌तास लावून ठेवणे मला संगीताचा अवमान वाटतो. यात ऐकण्यासारखे आहे तरी काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपला आक्षेप मी हलका मानत नाही, कारण या संगीताचा सगळा प्रश्नच ‘लक्ष’ या शब्दाभोवती फिरतो.

१९७५ च्या आरंभी ब्रायन ईनो हा इंग्लिश संगीतकार अपघातात जखमी होऊन घरी अंथरुणाला खिळला होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने हार्पवादनाची एक तबकडी आणली होती. मैत्रीण गेल्यावर त्याने ती तबकडी कशीबशी लावली आणि पुन्हा आडवा झाल्यावर त्याच्या ध्यानात आले की आवाज फारच कमी आहे आणि स्टिरिओची एक बाजू बंदच आहे. उठण्याचे त्राण नव्हते. बाहेर पाऊस पडत होता, आणि हार्पचे जे चार-दोन सूर त्यातून वर येत होते ते पावसाचाच भाग असावेत तसे ऐकू येत होते. संगीत खोलीतल्या उजेडासारखे, पावसासारखे नुसते असू शकते, हे त्याला तिथे उमगले. १९७८ मध्ये त्याने ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ ही तबकडी काढली आणि सोबतच्या टिपणात या संगीताला ‘ॲम्बिअंट’ हे नाव देऊन म्हटले की ते जितके लक्ष वेधणारे, तितकेच दुर्लक्ष करता येण्याजोगेही असले पाहिजे.

त्यातली दुसरी रचना केवळ मानवी आवाजांची आहे. एकेक लांबवलेला सूर टेपच्या वेगवेगळ्या लांबीच्या वेटोळ्यांवर ध्वनिमुद्रित केला होता. स्टुडिओतल्या खुर्च्यांच्या पायांभोवतून फिरवून आणलेली ही वेटोळी, एक दर २३.५ सेकंदांनी, दुसरे सुमारे २६, तर तिसरे सुमारे ३० सेकंदांनी, आपापला सूर पुन्हा आणत. सूर तेच, पण कधी दोन एकमेकांवर येतात, कधी मध्ये नुसती शांतता राहते, आणि तीच जुळणी पुन्हा कानी पडत नाही. पुस्तकात डोके घातलेल्याला ते आडवे येत नाही. पण डोके वर काढून कान दिला तर ऐकायला काहीतरी नवीन असतेच.

दुकानांत वाजणाऱ्या गुळगुळीत पार्श्वसंगीताहून हे निराळे आहे, असे मी ठामपणे म्हणेन. ईनोचाही कटाक्ष हाच होता : ते संगीत जागेचा स्वभाव झाकून सगळीकडे एकसारखी प्रसन्नता फासते, तर याने जागेचा स्वभाव, त्यातल्या अनिश्चिततेसकट, उठून दिसावा.

आपण सांगलीचे, म्हणजे मिरजेचे तानपुरे आपल्याला नवे नाहीत. जवारी, म्हणजे तारांच्या नादाला गुंजन देणारी घोडीवरची जुळणी, नीट लागलेल्या तानपुऱ्याशी पाच मिनिटे नुसते बसून पाहा. खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडलेला, स्वयंभू गांधार हळूहळू ऐकू येऊ लागतो. मैफलीत आपण गायकाकडे लक्ष देतो, आणि तो नाद तर सतत आपल्या कानावर असतोच. अर्थात दोन्ही एकच नव्हेत. तानपुरा गाण्यासाठी असतो, इथे मात्र पुढे येऊन गाणारे कोणीच नाही. ती मोकळी राहिलेली जागा आपल्या विचारांसाठी, किंवा मुलाच्या अभ्यासासाठी, आहे. म्हणून मला यात अवमान दिसत नाही. मैफल आपले लक्ष मागते आणि तिने ते मागावेच. हे संगीत मागत नाही, एवढाच भेद आहे.

प्रश्न : नव्याने ऐकणाऱ्याने सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हिरोशी योशिमुरा या जपानी संगीतकाराचे १९८२ चे ‘म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स’ घ्या, टोकियोच्या हारा कलासंग्रहालयात ते वाजवले जात असे. मोजक्या सुरांचे, छोट्या छोट्या रचनांचे असल्याने ते नवख्याला जड जात नाही. शक्यतो इअरफोन नको, साधा स्पीकर बरा. आवाज इतकाच ठेवा की बाहेरचा पाऊस किंवा स्वयंपाकघरातली भांडी त्याबरोबर ऐकू यावीत, आणि खिडकी उघडी असू द्या.