परदेशी मिशनरी गेल्यावर चर्चचं ‘मिशन’ उरलं तरी काय?

तुमचा प्रश्न असा आहे: ‘परदेशी मिशनरी केव्हाच परत गेले. मग चर्च आज मिशन मिशन म्हणतं ते नेमकं काय? धर्मांतर सोडून त्यात दुसरं काही असतं का?’

मी नगर जिल्ह्यातला प्रोटेस्टंट ख्रिस्ती, मिशन कंपाउंडात वाढलेला. पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही, मंडळीचा, म्हणजे गावच्या चर्चचा, साधा सभासद. तेव्हा हे चर्चचं अधिकृत उत्तर समजू नका.

आधी धर्मांतराचं बोलून घेऊ, नाहीतर बाकी सगळं टाळाटाळ वाटेल. येशूची सुवार्ता सांगणं हा मिशनचा भाग आहे. होता आणि राहणार. ‘छे छे, आम्ही फक्त समाजसेवा करतो’ असं काही ख्रिस्ती लोक चारचौघांत म्हणतात, ते मला पटत नाही. राज्यघटनेच्या 25व्या कलमात धर्माचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य आहे. त्याचबरोबर, दुसऱ्याला धर्मांतरित करणं हा काही तुमचा मूलभूत हक्क नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. म्हणजे सांगायची मोकळीक आहे, निर्णय ऐकणाऱ्याचा. मला हे ठीक वाटतं. गव्हाचं पोतं दाखवून दिलेल्या बाप्तिस्म्याला माझ्या लेखी काडीची किंमत नाही, आणि पोतं पाहून आलेला माणूस पोतं संपल्यावर मंडळीत दिसत नाही हे कुठलाही जुना पाळक तुम्हाला सांगेल.

आता ‘परदेशी मिशनरी गेले’ याकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथून सुरू होते. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले, 1831 मध्ये नगरला आले. मुलींच्या शाळा काढल्या, 1842 पासून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक छापलं. पण तिजोरी बोस्टनला होती. कुठे शाळा काढायची, कुणाला नेमायचं, सगळं पैसे पाठवणाऱ्याच्या हातात. हे दुखणं भारतीय ख्रिस्ती लोकांनी फार लवकर ओळखलं होतं. व्ही. एस. अझराया या तमिळ ख्रिस्ती पुढाऱ्यानं 1905 साली बंगालमधल्या सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी उभी केली, तीच मुळी माणसं भारतीय, पैसा भारतीय आणि कारभारही भारतीय या तत्त्वावर. पुढे 1910 मध्ये एडिनबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत याच अझरायांनी गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ त्याग केलात, आता आम्हाला मित्र द्या.

त्याच वर्षी मिझोराममध्ये एक साधी पद्धत सुरू झाली, ती आजही चालू आहे. तिथल्या प्रेस्बिटेरियन घरांत बाई स्वयंपाकाला तांदूळ काढते तेव्हा त्यातला मूठभर वेगळा ठेवते. त्याला ‘बुहफाइ थाम’ म्हणतात. तो तांदूळ गोळा होतो, विकला जातो, आणि त्या पैशातून मिझो प्रचारक राज्याबाहेर पाठवले जातात. आमच्याकडे कापणीच्या सणाला ज्वारी, अंडी, कोंबड्या वेदीपुढे येतात आणि उपासना झाल्यावर अंगणात त्यांचा लिलाव होतो, तशातलंच हे. फक्त आमच्या लिलावाचे पैसे बहुतेक वेळा चर्चच्या पत्र्यावर आणि रंगावर खर्च होतात, हा फरक मला बोचतो. गुजरातेतल्या डांगच्या जंगलात आज काम करणारे मिशनरी पाहिलेत तर त्यांत तमिळ बोलणारे भेटतील, तमिळनाडूतल्या मंडळ्यांनी स्वतःच्या खर्चानं पाठवलेले. आणि जगात बघायचं तर कोरियातले, नायजेरियातले मिशनरी युरोपात जातात. तेव्हा मिशनरी गेले नाहीत. गोरे गेले.

पण तुम्ही विचारलंय, काय उरलं. त्यासाठी मी कुणालाही आमच्याच जिल्ह्यातल्या जामखेडला पाठवतो.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे नवराबायको, दोघंही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. आधी त्यांनी नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केलं. तिथे त्यांना दिसलं की आज जुलाबाचं मूल बरं करून पाठवावं तर काही दिवसांनी तेच मूल पुन्हा दारात. दवाखाना भरलेला, आणि गाव होतं तसंच आजारी. मिशन हॉस्पिटलांची ही शंभर वर्षांची रीत होती: दवाखाना बांधा, लोक येतील. मिरजेला डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेलं रुग्णालय त्याच रीतीचं, आणि त्यानं केवढं काम केलं हे सांगली-कोल्हापूरच्या जुन्या माणसांना विचारा. पण आरोळ्यांनी ती रीत सोडली. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून ते 1970 मध्ये जामखेडला आले.

मग 1972 चा दुष्काळ. लोकांना डॉक्टर नको होता, पाणी आणि अन्न हवं होतं. आरोळ्यांनी आधी त्यालाच हात घातला. बोअर घेताना त्या दलित वस्तीत कशा लागतील हे पाहिलं, त्यामुळे बाकीच्या गावाला पाण्यासाठी तिथे जाणं भाग पडलं. अस्पृश्यतेवर प्रवचन झालं नाही, हापसा बसला. नंतर गावानं आपल्यातलीच एक बाई निवडायची, तिनं जामखेडला येऊन शिकायचं आणि परत जाऊन बाळंतपणं, लहानग्यांची वजनं, जुलाब, क्षय, कुष्ठरोग सांभाळायचे. यातल्या कितीतरी बायका निरक्षर होत्या, दलित होत्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्यांच्या हाती गावाचं आरोग्य गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1975 च्या पुस्तकात जामखेडचा अनुभव आला, 1978 मध्ये अल्मा-आताला प्राथमिक आरोग्याचा जो जाहीरनामा झाला त्यामागच्या विचारात अशा प्रयोगांचा हात होता. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं. आज दोघंही नाहीत, काम पुढची पिढी चालवते आणि देशोदेशींचे लोक तिथे शिकायला येतात.

जामखेडची ही आरोग्यसंस्था कुठल्या चर्चच्या मालकीची नाही, आणि आरोळ्यांनी आपली श्रद्धा कधी लपवली नाही. त्या आरोग्यसेविका बहुतेक हिंदू, मुसलमान, बौद्ध. कुणी त्यांना मिशन हॉस्पिटलात मिळते तशी पट्टी बांधून परत पाठवलं नाही, त्यांनाच पट्टी बांधायला शिकवलं. मिशन आज कशाला म्हणायचं याचं माझ्यापुरतं माप हे आहे: साहेब निघून गेला तर मागे काय राहतं?

या मापानं वसईचंही काम मी मिशनच धरतो, जरी ती मंडळी कॅथॉलिक आणि आम्ही प्रोटेस्टंट. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे धर्मगुरू हरित वसईच्या लढ्यात रस्त्यावर उतरले, विहिरी आणि केळीच्या वाड्या वाचाव्यात म्हणून. पुढे 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. अँग्लिकन चर्च मिशनच्या ज्या पाच खुणा सांगतं, त्यातली पाचवी सृष्टीचं रक्षण हीच आहे. फादरांना ती पाठ करून यावं लागलं नसणार.

आणि एक मिशन आमच्या घरातलंच बाकी आहे, त्याबद्दल मंडळीत फारसं बोलत नाहीत. नगर भागातले बहुसंख्य ख्रिस्ती पूर्वीच्या महार-मांग समाजातले. ख्रिस्तात सगळे एक, हे दर रविवारी ऐकतो. सोयरीक जुळवायला बसलो की ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न हळूच येतोच. सरकारपुढे आमची तक्रार रास्त आहे: 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना ठेवला, 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना दिला, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगानं 2007 मध्ये धर्माची ही अट काढा असं सांगितलं, तरी ती तशीच आहे. त्यासाठी चर्च मोर्चे काढतं, काढावेतच. पण धर्म बदलला तरी जात सुटत नाही असं आम्ही न्यायालयात म्हणतो, तेव्हा ती आमच्याच बाकांवर का बसली आहे याचं उत्तर न्यायालय देणार नाही. त्यात आणि जागा-जमिनींच्या कोर्टकचेऱ्या. काही मंडळ्यांची पंचकमिटी शुभवर्तमानापेक्षा सातबारा जास्त वाचते.

2011 च्या जनगणनेत ख्रिस्ती देशात 2.3 टक्के होते, महाराष्ट्रात एक टक्काही नव्हते. दोन शतकं फक्त धर्मांतरच चालू असतं तर तो व्यवसाय केव्हाच बुडीत काढावा लागला असता. खेड्यातल्या आमच्या मंडळ्या तर उलट रिकाम्या होतायत, पोरं पुण्याला गेली, एकेका पाळकाकडे पाच-सहा गावं आहेत. तो मोटारसायकलवर फिरतो. एखाद्या रविवारी त्याच्या मागे बसून जा, येऊ देईल. उपासनेनंतर तो कुणाच्या घरी जातो आणि तिथे काय बोलतो ते पाहून तुमचं मत ठरवा, माझं ऐकून नको.