मैत्रिणीनं आळ घेतला, कादंबरी मी लिहिते आहे

प्रश्न : शाळेत सहलीचे पैसे मी चोरले होते. जिवलग मैत्रिणीनं आळ स्वतःवर घेतला आणि तिची शाळा कायमची सुटली. मुख्याध्यापिकांनी मला एकटीला बोलावून विचारलं, तेव्हाही मी गप्प राहिले. हे तिला आजही माहीत नाही. यावर कादंबरी लिहिते आहे. २४० पानांत चोरीचं गुपित २१०व्या पानावर फुटतं. वाचणारे म्हणतात, फसवल्यासारखं वाटलं. मैत्रिणीला लिखाण दाखवायचा तर धीरच होत नाही.

उत्तर : वाचणाऱ्यांचं बरोबर आहे. निवेदन 'मी'चं आहे, म्हणजे चोर कोण हे तिला पहिल्या पानापासून ठाऊक. ती बाकी सगळं सांगते आणि नेमकं तेवढंच गाळते. ही लपवाछपवी तिची वाटत नाही, तुमची वाटते. चोरी पन्नासाव्या पानाच्या आत सांगून टाका. वाचकाला कळू दे, नायिकेच्या घरच्यांना नको. मग 'तुझी ती शाळेतली मैत्रीण हल्ली कुठे असते गं?' एवढ्या प्रश्नानंही वाचक सावरून बसेल.

खरं गुपित मुख्याध्यापिकांच्या खोलीतलं आहे. चोरी दोघींनाही माहीत होती, ते मौन एकटीचं. शेवटासाठी राखायचं तर ते राखा, पण त्या खोलीचं दार आधी दोनदा तरी दिसू द्या.

मैत्रिणीची तुम्ही देवी केली आहे, आणि देवीशी मैत्री होत नाही. शाळकरी मुलीनं आळ घेतला तो बहुधा दोन दिवस बोलणी खावी लागतील एवढाच हिशेब करून. शाळा जाईल हे तिला कुठे माहीत होतं? तिला राग द्या, थोडा स्वार्थही द्या. वहीच्या एका पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे नायिकेच्या मते कुणी कुणासाठी काय केलं, उजवीकडे तेच मैत्रिणीच्या मते. नायिकेनं मैत्रिणीच्या मुलाची फी भरली, तर डावीकडे ती परतफेड, उजवीकडे कदाचित अपमान. जिथे नोंदी जुळत नाहीत, तिथे प्रसंग लिहा. 'मला अपराधी वाटलं' ही वाक्यं सरसकट खोडा. अपराधी माणूस रडण्यापेक्षा चिडतो जास्त, उगाच भेटवस्तू देतो, फोन टाळतो.

आता खरी मैत्रीण. हस्तलिखित माफीनामा म्हणून पाठवू नका. तिला एकाच वेळी तुम्हाला माफही करावं लागेल आणि लिखाणाला दादही द्यावी लागेल. आधी भेटा, त्या खोलीतलं सांगा, कादंबरीचा विषय त्या दिवशी काढू नका. पुढच्या भेटीत विचारा. नाव-गाव बदलून भागत नाही, नातेवाईक घटनेवरून ओळखतात. ती नको म्हणाली तर चोरी, शाळा, शिक्षा सगळंच बदलावं लागेल. मौन तुमचं आहे, ते ठेवता येईल. तिनं त्यालाही नकार दिला तर बाड बाजूला ठेवा.

आणि २२५व्या पानावर तिच्या तोंडी घातलेलं 'मी तुला केव्हाच माफ केलंय' हे वाक्य भेटीला जाण्याआधीच काढा.