शिकवणीला येणाऱ्या मुलाच्या हातावर चटके दिसले, आता मी काय करू?

प्रश्न : वकीलताई, मी विक्रोळीला घरीच शिकवण्या घेते. आमच्याच इमारतीतला चौथीतला एक मुलगा माझ्याकडे येतो. त्याची आई कोविडमध्ये गेली. वडील ट्रकवर लांब पल्ल्याला असतात, महिना महिना घरी नसतात. मुलगा काका-काकूंकडे राहतो. काकांची वडापावची गाडी आहे. हा संध्याकाळी तिथे बटाटे सोलतो, प्लेटा विसळतो आणि रात्री अकराला घरी येतो. गेल्या आठवड्यात त्याच्या मनगटाच्या वर दोन लांबट चटके दिसले. आधी "तेल उडालं" म्हणाला. मग हळूच म्हणाला, "काकूने उलथनं लावलं, कोणाला सांगू नका." मी पोळी-भाजी दिली तर एक पोळी खातो, दुसरी वहीच्या कागदात गुंडाळून दप्तरात टाकतो. आमच्या घरचे म्हणतात, आपला काय संबंध? काकांच्या ओळखी बऱ्याच आहेत. तक्रार केली तर मुलाला मानखुर्दच्या बालगृहात नेऊन टाकतील, अशीही भीती वाटते. माझ्याकडे पुरावा काही नाही. चिपळूणला त्याची सख्खी मावशी असते, तिचा नंबर आहे. वडील येईपर्यंत त्याला माझ्याच घरी ठेवून घेतलं तर चालेल का?

उत्तर : ताई, मुलाचं नाव तुम्ही पत्रात लिहिलं होतं, ते मी गाळलं आहे आणि ओळख पटेल अशा एकदोन गोष्टी बदलल्या आहेत. का, ते पुढे येईलच.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे तुम्ही स्वतःच अडकाल. त्याला घरी ठेवून घेऊ नका. पालकाच्या संमतीशिवाय मुलाला त्याच्या ताब्यातून नेणं म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली अपहरण, आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. इथे 'पालक' म्हणजे फक्त बाप नव्हे. बापाने ज्याच्या भरवशावर मूल सोपवलं तो काकाही त्यात येतो. तुमचा हेतू चांगला होता हे पुढे सिद्ध होईलही, पण तोवर फिर्यादी काका आणि आरोपी तुम्ही, अशी उलटी गंगा वाहिलेली असेल. शिकवणीच्या वेळात त्याला पोटभर जेवू घाला, त्याला कोणी अपहरण म्हणत नाही.

आता 'आपला काय संबंध'. या मुलापुरता कायदा म्हणजे २०१५ चा बाल न्याय अधिनियम. त्याच्या कलम ३१ मध्ये, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला बालकल्याण समितीपुढे (अशा मुलाने कुठे, कोणाकडे राहायचं ते ठरवणारी जिल्ह्याची समिती) कोण आणू शकतं याची यादी आहे. पोलीस, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, सामाजिक कार्यकर्ते, डॉक्टर, नर्स आहेतच, शिवाय समाजाची चाड असलेला कोणताही नागरिक आहे, आणि मूल स्वतःही आहे. तुमचं त्या मुलाशी नातं काय, असं कायदा विचारत नाही. घरच्यांना एवढंच सांगा.

काका-काकू कायदेशीर पालक नाहीत म्हणून सुटतात का? नाही. कलम ७५ मध्ये मुलाचा 'प्रत्यक्ष ताबा किंवा नियंत्रण' असलेली व्यक्ती असे शब्द आहेत. अशा व्यक्तीने मुलाला मारहाण केली, त्याचा छळ केला किंवा जाणूनबुजून हयगय केली आणि त्यातून त्याला विनाकारण शारीरिक वा मानसिक त्रास होण्याजोगा असेल, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. उपाशी ठेवणं हयगयीत मोडतं. चटक्यांचं तर वेगळं कलम आहे. तापलेल्या वस्तूने दुखापत करणं न्याय संहितेच्या कलम ११८ मध्ये येतं आणि तो दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना 'कोर्टात जा' सांगून हात झटकता येत नाहीत. "आम्ही शिस्त लावत होतो" असं काकू म्हणणार. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृतीला कायद्यात थोडं संरक्षण आहे खरं, पण तापलेलं उलथनं त्यात बसवून दाखवणारा वकील मला अजून भेटायचा आहे.

वडापावच्या गाडीवरचं काम हे मात्र दिसतं तेवढं सरळ प्रकरण नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवायला बंदी आहे, पण शाळा सुटल्यावर कुटुंबाला हातभार लावण्याची सूट २०१६ च्या दुरुस्तीत दिली गेली, आणि त्या कुटुंबाच्या व्याख्येत काका, मामा, आत्या, मावशी सगळे बसवले. (ही व्याख्या करणाऱ्यांनी रात्री दहा वाजता मुंबईतल्या एखाद्या गाडीमागे डोकावून पाहिलं असतं तर बरं झालं असतं.) तरीही नियमांनुसार संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात मुलाने काम करायचं नाही, आणि दिवसाला तीन तासांहून अधिक तर नाहीच. अकरापर्यंत प्लेटा विसळणं त्यात कुठेच बसत नाही. तक्रारीत या कामाच्या वेळा लिहा, पण बालमजुरी हा मुख्य मुद्दा करू नका. मुख्य मुद्दा चटके आणि भूक.

पुरावा नाही म्हणता, पण पुरावा गोळा करणं हे तुमचं काम नाही. तुम्हाला जे दिसलं आणि जे ऐकू आलं ते सांगायचं. आज रात्री एक वही घ्या. तारीख घालून लिहा : चटके कुठल्या हातावर, साधारण किती लांबीचे, मुलगा नेमकं काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत. "काकूने उलथनं लावलं" या वाक्याचं "मुलाचा शारीरिक छळ होत असल्याचे समजते" करू नका. त्याचं वाक्य जितकं वजनदार आहे तितकं तुमचं नाही. त्याला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. दहा जणांनी दहा वेळा विचारलं की मूल दहा प्रकारे सांगतं आणि बचाव पक्षाचा वकील तेच धरून बसतो. हाताचा फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. अशा मुलाची ओळख उघड करणं कलम ७४ खाली गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि "कोणाला सांगणार नाही" असं वचन त्याला देऊ नका. "तुला मदत करू शकतील अशा माणसांनाच सांगेन" एवढं खरं आहे, तेवढंच बोला.

सांगायचं कुठे? सोपी वाट म्हणजे १०९८, मुलांसाठीच्या चाइल्डलाइन या मदतवाहिनीचा नंबर. ही चाइल्डलाइन १९९६ साली आपल्या मुंबईतच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून सुरू झाली. आता ती सरकार चालवतं. नाव सांगायचं नसेल तर तसं फोनवर सांगा, पण माझ्या मते सांगावं, कारण निनावी फोनची चौकशी पहिल्याच "छे हो, तेल उडालं" वर थांबू शकते. दुसरी वाट थेट समितीकडे लेखी अर्ज. विक्रोळी मुंबई उपनगर जिल्ह्यात येते, म्हणून उपनगरची समिती. तिसरी वाट तुमचं पोलीस ठाणं. तिथे ठाणे अंमलदाराशी वाद घालत बसू नका, बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याला भेटायचंय म्हणून सांगा. प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी नेमलेला असावाच लागतो. मी तुमच्या जागी असते तर आधी १०९८ आणि दुसऱ्या दिवशी समितीकडे अर्ज, पोच घेऊन. काकांच्या ओळखी गल्लीत आणि ठाण्यात चालत असतील, समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य बसलेले असतात.

आता मानखुर्द. या शहरात मानखुर्द आणि डोंगरी ही नावं मुलांना धाक दाखवायलाच वापरली जातात, त्यामुळे तुमच्या मनात भीती बसली यात नवल नाही. काकूही त्या मुलाला हेच ऐकवत असेल. पण समिती म्हणजे बालगृह नव्हे. मूल ताब्यात घेतलं तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत समितीपुढे आणावं लागतं. समिती त्याच्याशी बोलते आणि सामाजिक तपासणी अहवाल मागवते, तो पंधरा दिवसांत यायला हवा. पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात हे लांबतं, तेव्हा तारखा विचारत राहायची तयारी ठेवा. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे या कायद्याच्या तत्त्वांमध्येच लिहिलं आहे. त्याआधी समिती वडिलांना बोलावेल. वडिलांना धंदा सोडून घरी बसणं शक्य नसेल तर 'योग्य व्यक्ती' म्हणून नातेवाइकाकडे ताबा देता येतो. तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरती लिहिलेली चिपळूणची मावशी मला म्हणूनच सगळ्यात महत्त्वाची वाटते. एक पालक असलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. मावशीची ऐपत बेताची असेल तर त्यासाठीही समितीपुढेच अर्ज करता येतो. तिथे पोचेपर्यंत काही दिवस मुलगा बालगृहात राहीलही. ते दिवस त्याला सुखाचे जातील असं मी म्हणणार नाही, पण तिथे त्याला कोणी चटके देऊन गप्प बसवणार नाही आणि रोज जेवण मिळेल.

काकांनी अब्रूनुकसानीची धमकी दिली तर घाबरू नका. अधिकार असलेल्या यंत्रणेकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामीत धरली जात नाही, न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये तसा स्पष्ट अपवाद आहे. हा अपवाद जिन्यात उभं राहून केलेल्या चर्चेला मिळत नाही, म्हणून तक्रार केल्याचं इमारतीत बोलू नका.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. चटके किंवा उपासमार दिसूनही तुम्ही गप्प राहिलात तर तुमच्यावर खटला होत नाही. पण मुलाच्या बोलण्यात लैंगिक त्रासाचा नुसता संशय जरी आला, तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तुम्हाला पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, आणि न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तिथे 'वाट पाहू' हा पर्यायच नाही. सद्भावनेने कळवणाऱ्याला त्याच कायद्यात संरक्षण दिलेलं आहे.

मावशीला मात्र आधी तुम्ही फोन करू नका. तिने भावनेच्या भरात काकूला जाब विचारला तर रात्री मार त्या मुलाला बसेल. तिचा नंबर १०९८ वाल्यांना द्या, समितीकडच्या अर्जातही लिहा. आणि यादरम्यान मुलगा ताजा चटका घेऊन शिकवणीला आला, तर त्या दिवशी अर्ज-बिर्ज बाजूला ठेवून ११२ लावा. पोलीस आले की त्याला राजावाडी रुग्णालयात नेऊन तपासायला सांगा, केसपेपरवर 'भाजल्याचं कारण' या जागी त्याचे स्वतःचे शब्द लिहिले गेले की नाही ते बघा, आणि त्या केसपेपरची प्रत मागून घ्यायला पोलिसांना आठवण करा.