'ब्लॅक सेल्स' ही मालिका कोणी मध्येच सोडतं, कोणी डोक्यावर घेतं. असं का? बघावी का?

बघा, पण पहिल्या सीझनच्या 8 भागांवरून मत बनवू नका. सोडून देणारे बहुतेक तिथेच कंटाळतात, आणि त्यांचं फारसं चुकतही नाही. चाच्यांची मालिका म्हणून आपण समुद्र आणि तोफा बघायला बसतो, आणि समोर येतात मालाचे सौदे, खलाशांची मतं फोडण्याची कारस्थानं आणि उगाच घुसडलेली नग्नता. (घरच्यांसोबत लावू नका.)

दुसऱ्या सीझनमध्ये कॅप्टन फ्लिंटचा भूतकाळ उलगडतो आणि आधीच्या प्रत्येक प्रसंगाचा अर्थ बदलतो. टोबी स्टीफन्सने हा माणूस असा उभा केलाय की त्याची भीतीही वाटते आणि कणवही येते. मी मालिका पुन्हा पहिल्यापासून पाहिली ती त्याच्यासाठीच.

इतिहासप्रेमींचा आक्षेप वेगळा असतो. 1715 चं नासाऊ (बहामा बेटांवरचं चाच्यांचं बंदर) खरं, फ्लोरिडाजवळ बुडालेला स्पॅनिश ताफा खरा, चार्ल्स वेन, रॅकम, अ‍ॅन बॉनी हीसुद्धा खरी माणसं. पण फ्लिंट आणि जॉन सिल्व्हर ही पात्रं स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड' कादंबरीतली, काल्पनिक. ही सरमिसळ काहींना खटकते. मला खटकली नाही, कारण चाचा कोणाला म्हणायचं हे साम्राज्य ठरवतं, हाच मालिकेचा गाभा आहे. त्याच काळात इंग्रज आपल्या कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हणत होते!

एकूण 38 भाग आहेत, आणि 2017 मध्ये कथा नीट पूर्ण करून संपवली आहे. निदान दुसऱ्या सीझनच्या मध्यापर्यंत धीर धरा.