रोज किती वेळ स्पॅनिश? (100 पैकी 67 मिळवून नापास झालेल्या बाईचं उत्तर)

तुझी पोस्ट वाचली आणि हसू का रडू कळेना. नऊ ते सातची नोकरी, दीड वर्षात देलेची, म्हणजे स्पॅनिशच्या सर्टिफिकेट परीक्षेची, बी-वन ही मधली पातळी द्यायचीय, ड्युओलिंगो ॲपवर सलग 212 दिवसांचा स्ट्रीक, क्लास आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास, आणि प्रश्न काय तर रोज एक तास देऊ का शनिवार-रविवार पाच-पाच तास बसून उरकू. अरे हे मीच लिहिलंय असं वाटलं, फक्त 2017 सालात. वय 27 लिहिलंयस म्हणून सरळ तू म्हणतेय, राग मानू नकोस.

आधीच सांगून ठेवते, मी शिक्षिका नाही. बी-वनच्या वरची बी-टू पास आहे, त्याच्याही वरच्या सी-वनच्या वाटेला गेलेले नाही. घरी लेक, सासूबाई, आणि रोज डोंबिवली ते विक्रोळी स्लो लोकल. ज्यांना एकदा वाचलं की लक्षात राहतं किंवा ज्यांची कंपनी सहा महिने माद्रिदला पाठवते त्यांनी माझं ऐकू नये. वही कर, फ्लॅशकार्ड कर, क्रियापदांचे तक्ते पाठ कर, हे सगळं तुला माहीतच असणार, त्यात शिरत नाही.

तर, रोज पाऊण ते एक तास. पुरतो. खरंच पुरतो. पण त्या तासातला निम्मा वेळ तरी कान नाहीतर तोंड चालू पाहिजे, नुसता अंगठा चालू असेल तर तो तास मी धरतच नाही. हे मला कळायला दोन वर्षं आणि एक परीक्षा गेली.

आधी तुझं शनिवार-रविवारचं गणित बघू, कारण मीही तेच मांडलं होतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषा शिकवणारी संस्था आहे ती इंग्रजीवाल्यांसाठी स्पॅनिश सोप्यातल्या सोप्या गटात धरते आणि साधारण 600 ते 750 तास वर्गाचे सांगते. हा आकडा बघून घाबरू नकोस, ते लोक पगार घेऊन दिवसभर तेच करतात आणि त्यांना कामकाज करता येईल इतकी भाषा लागते, बी-वन त्याच्या बरीच अलीकडे येते. मी काय केलं, रोज एक तास म्हणजे वर्षाचे 365, आणि शनिवार-रविवार मिळून दहा तास म्हणजे वर्षाचे 520, मग 520 मोठे ना! झालं. रविवारी दहा ते तीन डायनिंग टेबलावर पुस्तकं पसरून बसायचे, बाराला कुकर, साडेबाराला लेकीची भांडणं, एकनंतर डोळ्यांवर झापड, आणि बुधवारी क्लासमध्ये उभं केलं की रविवारचं अर्धं उडालेलं. घरच्यांना मात्र वाटायचं बाई पाच तास अभ्यास करते.

एबिंगहाउस म्हणून एक जर्मन होता, त्याने हे स्वतःवरच करून पाहिलं, निरर्थक अक्षरं घोकून, आणि 1885 मध्ये छापलं. एका दमात 68 वेळा घोकून जे साधलं ते तीन दिवसांत वाटून घोकलं तर 38 वेळांत साधलं. आपल्या आज्जीला विचारलं असतं तर तिनेही सांगितलं असतं, परवचा रोज संध्याकाळी म्हणायचा असतो, रविवारी सात दिवसांचा एकदम नाही.

मग मी रोजवर आले. आणि इथे माझी मोठी माती झाली, जी तू आत्ता करतोयस असं तुझ्या पोस्टवरून दिसतंय.

लोकलमध्ये मला जाताना पाऊण तास मिळतो. त्यात मी काय करायचे, तर ॲप. चित्र जुळव, शब्द ओढ, टिंग वाजलं की बरं वाटतं. आवाज बंद, कारण लेडीज डब्यात आधीच भिशी, भजन आणि मटार सोलणं एकदम चालू असतं. माझा स्ट्रीक 431 पर्यंत गेला होता, नवऱ्याला स्क्रीनशॉट पाठवायचे. वाचन पक्कं झालं, व्याकरण पक्कं झालं, निबंधसुद्धा बरे लिहायला लागले. आणि या सगळ्या काळात मी स्पॅनिश मोठ्याने बोलले असेन ते क्लासमध्ये, वीस जणांच्या बॅचमध्ये वाट्याला आलेली चार वाक्यं. ऐकलं असेल ते पुस्तकासोबतचं, ज्यात लोक बालवाडीला शिकवल्यासारखे सावकाश बोलतात.

2018 ला फॉर्म भरला. भरायच्या आधी क्लासच्या ऑफिसात जाऊन विचारलं की पास व्हायला किती लागतात. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, शंभरपैकी साठ, बस. मी पुन्हा विचारलं, प्रत्येक पेपरात वेगळे लागतात का? "नाही हो, टोटल." क्लासचं नाव घेत नाही, घेऊन काही उपयोगही नाही, पण ते उत्तर मला आजही त्यांच्या आवाजासकट आठवतं.

आता खरं काय ते नीट वाच. बी-वनला चार भाग. वाचन 70 मिनिटं, ऐकणं 40 मिनिटं, लेखन 60 मिनिटं, आणि बोलणं 15 मिनिटं, त्याआधी तयारीला 15. यांचे दोन गट पडतात. वाचन आणि लेखन पहिला गट, 50 मार्क. ऐकणं आणि बोलणं दुसरा गट, 50 मार्क. आणि दोन्ही गटांत वेगवेगळे किमान 30 पाहिजेत, त्याच परीक्षेत. एका गटातली कमाई दुसऱ्यात वळती होत नाही आणि पुढच्या खेपेलाही जमा राहत नाही. निकालात पास-नापास असं लिहीत नाहीत, 'आप्तो' (पात्र) किंवा 'नो आप्तो' (अपात्र).

मी हिशेब केला होता की वाचन-लेखनात चाळीसच्या वर काढते, मग बोलण्या-ऐकण्यात वीस आले तरी गंगेत घोडं न्हालं. म्हणून शेवटचे तीन महिने रोजचा सगळा तास वाचनावर आणि निबंधांवर घातला. जे येत होतं तेच आणखी घासत बसले. दिल्लीला जाऊन परीक्षा दिली, दोन रात्री नणंदेकडे राहिले. ऐकण्याच्या पेपरात प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकवतात, तरी पहिल्यांदा मला शब्दच सुटे होईनात. कागदावर 'बा आ आब्लार' असे तीन शब्द असतात, म्हणजे 'बोलणार आहे', आणि माणूस म्हणतो 'बाब्लार'. आपण नाही का, लिहितो 'काय करतो आहेस' आणि म्हणतो 'काय करतोयस', तसंच. पण मी दोन वर्षं फक्त 'काय करतो आहेस' वाचलं होतं ना. तोंडीला एक फोटो दिला, एका दुकानात बाई काहीतरी परत करतेय असं होतं, वर्णन करा. सगळे शब्द येत होते मला! लिहायला सांगितलं असतं तर पानभर लिहिलं असतं. तोंडातून दोन वाक्यं निघाली आणि मग नुसती शांतता. समोरच्या बाई चांगल्या होत्या, हसून बघत होत्या, त्याने आणखीच घाम फुटला.

निकाल यायला जवळजवळ तीन महिने. पहिला गट 43, दुसरा 24. एकूण 67. नो आप्तो.

क्लासच्या ऑफिसात निकाल घेऊन गेले तर त्याच मॅडम म्हणतात, "ते वेबसाइटवर असतं ना सगळं दिलेलं, तुम्ही बघायला हवं होतं." आणि लगेच रिपीटर बॅचचं पत्रक पुढे सरकवलं, फीमध्ये दहा टक्के सूट. वरच्या सरांना मेसेज केला, निळी टिक आली, उत्तर आजतागायत नाही. चूक माझीही आहे, मान्य, परीक्षा घेणाऱ्या इन्स्तितुतो सेर्वान्तेसच्या साइटवर स्वतः वाचायला काय झालं होतं. पण माणूस फी भरून विचारायला येतो तेव्हा माहीत नसेल तर 'बघून सांगते' म्हणावं, एवढी तरी अपेक्षा ठेवावी की नाही? आमच्या ऑफिसात तेव्हा स्पॅनिश प्रोसेसला, म्हणजे स्पॅनिशमधून चालणाऱ्या कामाला, जागा निघाली होती, सर्टिफिकेट जूनपर्यंत हवं होतं, ती जागा गेली. पुढची निघायला अकरा महिने लागले. असो, नाहीतर हे उत्तर दुसरीकडेच जाईल.

त्यानंतर वेळ वाढवला नाही, नव्हताच वाढवायला, फक्त उलटा केला. सकाळी चहा होईपर्यंत फ्लॅशकार्ड, दहा-बारा मिनिटं, जास्त नाहीच. लोकलमध्ये ॲप बंद, कानात इयरफोन (वायरवाला घे, दुसरा गर्दीत पडला की गेला) आणि शिकणाऱ्यांसाठीचा सोपा पॉडकास्ट. रोज नवीन नाही हां. एकच भाग तीन दिवस. पहिल्या दिवशी नुसता, दुसऱ्या दिवशी लिखित उतारा समोर ठेवून, तिसऱ्या दिवशी परत नुसता आणि ओठांतल्या ओठांत त्याच्या मागे मागे म्हणत. समोरच्या काकूंना बरेच दिवस वाटत होतं मी जप करते, एकदा विचारलंही कुठल्या महाराजांचा म्हणून. भाग घरूनच डाउनलोड करून ठेव, दिवा ते कळवा नेटवर्कचा काही भरवसा नाही. येताना मात्र काही करायचे नाही, येताना माणूस मेलेला असतो, तिथे अभ्यासाचा बेत आखूच नये. रात्री भांडी आवरताना मोबाइलचा रेकॉर्डर लावून दहा मिनिटं बडबड, आज काय झालं, कोण काय म्हणालं. पहिले पंधरा दिवस स्वतःचं ऐकून इतकं ओशाळायला होतं की बस, पण बोलता बोलता नेमकं कुठे अडतो ते त्यातच कळतं.

म्हणजे झाले किती, तास-सव्वा तास. त्यातला अर्ध्याहून जास्त तसाही जाणाराच वेळ होता. तुला प्रवास नसेल, घरून काम असेल, तर हे जसंच्या तसं लागू होणार नाही, मग संध्याकाळी चालायला जा आणि तेव्हा ऐक.

आठवड्यातून एक दिवस बुडाला तर बुडू दे. सलग तीन दिवस बुडवू नकोस, तीन दिवसांनंतर माझं तर गाडं पुन्हा रुळावर यायला आठवडा लागायचा. स्ट्रीक तुटला म्हणून रडू नकोस, माझा 431 वर लेकीच्या तापात तुटला आणि खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं.

आणखी एक, हे थोडं विषयाबाहेर आहे पण वेळेशीच संबंध आहे. आपण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतो आणि त्यात फुकट वेळ घालवतो. 'मे गुस्ता' समजवायला आमच्या क्लासने दोन तास घेतले, 'ते मला प्रसन्न करते' वगैरे इंग्रजी कसरती. अरे, 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात', संपलं! 'मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस.' क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही, हे पहिलीतल्या मराठी मुलालाही येतं. भूतकाळाच्या दोन रूपांवर लोक महिने घालवतात, 'फुई' म्हणजे गेले आणि 'इबा' म्हणजे जायचे, शंभर टक्के नाही पण ऐंशी टक्के वेळा चालतं. 'किएरो के बेंगास' म्हणजे तू यावंस असं मला वाटतं, त्या 'यावंस'मध्ये जे आहे ना तेच त्यांचं सुब्हुन्तिवो, ज्याला सगळे घाबरतात. तू आणि तुम्ही आहेच. उच्चारात त आणि द आपलेच, इंग्रजीवाल्यांसारखे ट-ड काढायचे नाहीत. पगार हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि स्पॅनिशमध्ये त्याचं भावंड बसलंय, 'पागार' म्हणजे पैसे देणे, आणि 'मेसा', 'कामिसा' ऐकलं की आपले मेज, खमीस आठवतात. फक्त 'बाताता' म्हटलं की रताळं येईल, बटाटा नाही. तिथे फसू नकोस. अडचण आपल्याला 'सेर' आणि 'एस्तार'ची, दोन्हीला आपलं एकच 'आहे', तिथे मराठी फार वेळ साथ देत नाही, तिथे वेळ घाल.

बोलायला माणूस शोधशील तर घड्याळ बघून शोध. स्पेन आपल्यामागे हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. कोलंबिया साडेदहा तास मागे. माझी जोडीदारीण बोगोताची होती, शनिवारी आपल्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे तिच्याकडे सकाळचे साडेआठ, ती कॉफी घेऊन बसायची आणि मी पोळ्यांची कणीक मळत. अर्धा तास माझं स्पॅनिश, अर्धा तास तिचं इंग्रजी. पैसे शून्य. त्या शनिवारच्या अर्ध्या तासाने मला जे दिलं ते रविवारच्या पाच तासांनी कधी दिलं नव्हतं, पण सगळ्यांना असं माणूस मिळतंच असं नाही, मलाही तिसरी मिळाली, आधीच्या दोघी दोन आठवड्यांत गायब.

पुढच्या वर्षी परत बसले. पहिला गट 41, म्हणजे दोन मार्क कमीच, आणि दुसरा 36. आप्तो. देलेच्या सर्टिफिकेटला मुदत नसते, एकदाच सोसायचं.

आता तू एक कर. उद्या क्लासच्या ऑफिसात जा, काही माहीत नसल्यासारखं तोंड कर आणि विचार की पास व्हायला किती लागतात. काय उत्तर देतात ते इथे लिही, मला फार उत्सुकता आहे.